बहुतेक बाबा

मिशी डावीकडून जरा जास्त कापली गेली, आणि सगळं तिथून सुरू झालं.

खरं म्हणजे प्राध्यापकांना फक्त टोकं नीट करायची होती. अकरा वाजता शाळेच्या मुख्याध्यापिका घरी येणार होत्या, आणि अशा वेळी माणसाने जरा टापटीप दिसावं. पण कात्री घसरली. आता मिशीच्या दोन्ही बाजू सारख्या असायला हव्यात, हे कोणीही मान्य करील. म्हणून त्यांनी उजवीकडून तेवढीच कापली. ती तेवढीच न जाता किंचित जास्त गेली. मग पुन्हा डावी. मग पुन्हा उजवी. प्रत्येक पायरी तर्काला धरून होती, बोट ठेवायला कुठेच जागा नव्हती. फक्त शेवटी आरशात बघितलं तेव्हा नाकाखाली काहीही शिल्लक नव्हतं.

कॉलेजात शिकत असल्यापासूनची मिशी ती. लग्नाच्या फोटोत आधी ती दिसायची आणि मग नवरामुलगा. त्यांची पहिलीतली मुलगी बाबाचं चित्र काढायची तेव्हा सुरुवात मिशीने करायची आणि उरलेल्या जागेत बाबा बसवायची. प्राध्यापकांनी वरच्या ओठावरून बोट फिरवलं, तर दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडाला हात लावल्यासारखं वाटलं. "असो. मिशीशिवायही विचार करता येतो," असं स्वतःला बजावून त्यांनी बादली नळाखाली सरकवली आणि नळ सोडला.

प्राध्यापक तर्कशास्त्राचे होते. 'होते' म्हणायचं कारण, कॉलेजने तो विषयच बंद करून टाकला होता. शेवटच्या वर्षी वर्गात एकच विद्यार्थी उरला होता, आणि तोही खोली चुकून आला होता. लाजेकाजेस्तव वर्षभर बसला बिचारा. तेव्हापासून प्राध्यापक घरी होते. बायको इस्पितळात नर्स, तिच्या ड्युट्यांवर घर चाललं होतं. ती एका शब्दाने बोलत नव्हती, आणि नेमकं तेच प्राध्यापकांना खात होतं. मग त्यांच्या डोक्यात आलं, की मोठ्यांना नको तर नको, तर्क लहान मुलांना शिकवावा. नीट विचार करण्याची सवय दुधाच्या दातांबरोबरच लागली पाहिजे! त्यांनी शाळाशाळांतून अर्ज केले. बहुतेकांनी उत्तरही दिलं नाही. एकीच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, "वर्गात मुलं पढवून बसवता येतात. तुम्ही तुमच्या मुलीला घरी कसं शिकवता ते मी येऊन बघेन. पटलं तर बोलू." एवढी एकच आशा होती. ती अकरा वाजता जिना चढून येणार होती.

मुलीला सगळे मुंगी म्हणायचे, कारण एकदा एका गोष्टीच्या मागे लागली की ती सरळ रेषेत चालत राहायची, मध्ये भिंत आली तरी. बाबाने शिकवलेलं सगळं तिने मनावर घेतलं होतं. सगळी मांजरं दूध पितात, मुंगीही दूध पिते, म्हणून मुंगी मांजर ठरत नाही. एक वस्तू एकाच वेळी दोन ठिकाणी नसते. हे त्यांनी चप्पल घेऊन प्रयोगाने पटवलं होतं. सारखं दिसणं म्हणजे तेच असणं नव्हे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, खात्री नसेल तर छाती ठोकून सांगायचं नाही, 'बहुतेक' म्हणायचं. याशिवाय आईने घालून दिलेला एक नियम होता, त्याचा तर्काशी काही संबंध नव्हता: "आई आणि बाबा सोडून कोणालाही दार उघडायचं नाही. राजा आला तरी नाही."

नळ सोडल्यावर प्राध्यापकांना आठवलं, की बाहेर दारावरच्या पाटीवर धूळ बसली आहे. पाटीवर अजून 'विभागप्रमुख' लिहिलेलं होतं. ते आता खरं नव्हतं, पण धूळ तरी कशाला? बादली भरेपर्यंत पुसून होईल, या हिशोबाने बाथरूमचं दार ओढून घेऊन ते बनियन आणि हाफपँटवर बाहेर गेले. मुंगी आतल्या खोलीत पाटी-पेन्सिल मांडून बाईंची तयारी करत होती. तिने बाबाची मिशी जाताना बघितली नव्हती आणि बाबालाही जाताना बघितलं नव्हतं.

पाटी लखलखीत झाली. तेवढ्यात जिन्यातून वारा आला, आणि दार धाडकन लागलं. लॅच आपोआप बसलं आणि किल्ली आतच राहिली.

"मुंगे, दार उघड गं," प्राध्यापकांनी हाक मारली.

आतून पावलं आली आणि दाराशी थांबली. "कोण आहे?"

"मी."

"मी म्हणजे कोण? प्रत्येक जण स्वतःला मीच म्हणतो."

प्राध्यापकांना बरं वाटलं. शिकवण वाया गेली नव्हती. "बरोबर. मी म्हणजे बाबा."

"बाबा आंघोळ करतोय," मुंगी म्हणाली. "नळ चालू आहे. बाबा आंघोळ करतो तेव्हा नळ चालू असतो."

आता शहाण्या माणसाने काय करावं? गोड बोलून दार उघडून घ्यावं. पण सवय वाईट! समोर धडधडीत चुकलेला तर्क बघून प्राध्यापकांना राहवेना. "थांब थांब. बाबा आंघोळ करतो तेव्हा नळ चालू असतो, हे खरं. पण नळ चालू आहे म्हणून बाबा आंघोळ करतोय, असं होत नाही. कोणी नळ सोडून बाहेर आला असेल तर?"

"हो की," मुंगी म्हणाली. "पण तुम्ही बाहेर आहात. आमचा नळ कोणी कसा सोडला, ते तुम्हाला काय माहीत?"

ती 'तुम्ही' म्हणाली, हे प्राध्यापकांना खटकलं. मुंगी बाबाला 'तू' म्हणायची. 'तुम्ही' हे परक्या काकांसाठी होतं.

"अगं, माझा आवाज तरी ओळख!"

"आवाज बाबासारखा आहे. पण मोबाइलमधून पण बाबाचा आवाज येतो. मोबाइल बाबा आहे का?"

"नाही," प्राध्यापकांना कबूल करावं लागलं.

"तोंड दाखवा."

दारात टपाल टाकायची फट होती, मुंगीच्या बरोबर उंचीवर. तिची झडप वर झाली आणि दोन डोळे चमकले. "गुडघे दिसतायत. खाली बसा."

प्राध्यापक जिन्यासमोरच्या फरशीवर गुडघे टेकून बसले आणि तोंड फटीसमोर आणलं. डोळे मोठे झाले, आणि झडप खाड्कन पडली.

"बाबाला मिशी आहे," आतून आवाज आला. यावेळी तो दारापासून जरा लांबून आला. "तुम्हाला मिशी नाही. म्हणजे तुम्ही बाबा नाही."

कॉलेजातल्या इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्याने इतक्या स्वच्छ शब्दांत निष्कर्ष काढून दाखवला नव्हता. तो असा बंद दाराआडून ऐकावा लागेल, हे मात्र प्राध्यापकांच्या स्वप्नातही आलं नसतं. "तर्क बरोबर आहे, राणी," ते म्हणाले, "पण पहिलं वाक्य जुनं झालंय. बाबाला मिशी *होती*. आता नाही. बाबाने कापली."

"का?"

"डावीकडून जरा जास्त गेली म्हणून."

"म्हणून सगळी?"

प्राध्यापकांनी ओठावरून पुन्हा एकदा बोट फिरवलं.

शेजारच्या दारातून शिलाईचं मशीन थांबल्याचा आवाज आला. तिथे शिवणकाम करणाऱ्या काकू राहायच्या. त्या गळ्यात टेप अडकवलेल्या अवस्थेत बाहेर आल्या आणि बघतात तो काय, बनियनवरचा एक सफाचट माणूस गुडघ्यांवर बसून शेजारच्या फटीत तोंड घालतोय!

"अगं बाई! कोण रे तू? लहान मुलीला दार उघडायला सांगतोस? लाज नाही वाटत?" काकूंनी जिन्यात वाकून ठणाणा केला, "वॉचमन! अहो वॉचमन! धावा!"

"काकू, मी आहे. मला कोणी ओळखत नाही याचा अर्थ मी परका आहे, असा निष्कर्ष निघत नाही."

काकूंनी डोळे बारीक केले. "सर?" त्या म्हणाल्या. "असं बोलणारा माणूस या इमारतीत दुसरा नाही. पण हे काय करून घेतलंत तोंडाचं? सोललेल्या बटाट्यासारखे दिसताय."

"ते नंतर. आधी तिला सांगा."

काकू फटीपाशी वाकल्या. "मुंगे, अगं हे तुझे बाबाच आहेत. मी सांगते ना. उघड दार."

"काकू, तुम्ही चष्मा घातलाय?"

काकूंनी नाकावर हात नेला. "नाही गं, मशीनवर राहिला."

"चष्म्याशिवाय तुम्हाला काही दिसत नाही. परवा तुम्ही माझ्या फ्रॉकला उलटी बाही लावली, तेव्हा आईला तुम्हीच असं सांगितलंत."

काकू सरळ उभ्या राहिल्या. "पोरगी भारी आगाऊ आहे हो तुमची," त्या प्राध्यापकांना म्हणाल्या.

तोवर वॉचमन धापा टाकत वर आला. त्याने सरांना नीट न्याहाळलं, एकदा समोरून आणि एकदा बाजूने, आणि मग फटीत तोंड घालून मोठ्याने जाहीर केलं, "बेबी, मी गॅरंटी देतो. सरच आहेत."

"वॉचमनकाका, तुम्ही मला सांगितलं होतं की पाण्याच्या टाकीत मगर आहे. नव्हती."

"ते तू टाकीवर चढू नयेस म्हणून!"

"पण नव्हती ना?"

"मुंगे, हे चुकतंय," प्राध्यापक खालून म्हणाले. "एकदा खोटं बोललेला माणूस प्रत्येक वेळी खोटंच बोलतो, असं नाही."

"हो. पण प्रत्येक वेळी खरंच बोलतो, असंही नाही. मग मला कसं कळणार आज कुठलं आहे?"

"शाबास!" प्राध्यापकांच्या तोंडून निघून गेलं.

"सर, तुम्ही कोणाच्या बाजूने आहात?" काकू म्हणाल्या. त्यांनी मोबाइल आणून मुंगीच्या आईला फोन लावला. दुसरी किल्ली तिच्याकडे होती. पण ड्युटीवर असताना तिचा फोन वॉर्डातल्या कपाटात बंद असायचा. तो वाजत राहिला आणि वाजून वाजून थकला. वॉचमन म्हणाला, "सर, सांगत असाल तर खांद्याने एक धक्का देतो. दोन धक्क्यांत दार आत."

"ऐकलं!" आतून किंचाळी आली. "दार तोडायचं म्हणतायत! बाबा स्वतःचं दार तोडेल का?"

"नाही तोडणार, कोणी नाही तोडणार," प्राध्यापक घाईघाईने म्हणाले. वॉचमनला त्यांनी डोळ्यांनीच मागे सारलं. "मुंगे, एक वस्तू एका वेळी दोन ठिकाणी नसते. बरोबर? तू बाथरूमचं दार उघडून बघ. आत बाबा नसेल. म्हणजे बाबा बाहेर आहे."

"आंघोळ चालू असताना दार उघडायचं नाही. तो नियम आहे. तुम्ही मला नियम मोडायला का सांगताय?"

"बरं, वाजवून तर बघ."

पावलं दूर गेली. बाथरूमच्या दारावर छोटीशी टकटक ऐकू आली. मग, "बाबा?" मग जरा मोठ्याने, "बाबा!" प्राध्यापकांना इथून ओरडावंसं वाटलं, अगं मी इथे आहे. पण तेच तर ते मघापासून ओरडत होते.

पावलं परत आली. यावेळी ती ओली वाजत होती. "दाराखालून पाणी येतंय," मुंगी म्हणाली. तिचा आवाज आता पहिल्यासारखा ठाम नव्हता. "आणि बाबा बोलत नाही."

"कारण तो तिथे नाही, बाळा."

"किंवा तो पडलाय."

आता मात्र प्राध्यापकांच्या लक्षात आलं, की पोर हट्टाला पेटलेली नाही, घाबरलेली आहे. एका बाजूला न बोलणारा बाबा आणि दुसऱ्या बाजूला बोलणारा परका माणूस, आणि मध्ये ती एकटी, आईचा एक नियम आणि बाबाचे चार नियम धरून उभी. त्यांनी कपाळ दाराला टेकलं. "मुंगे, तूच सांग. मी काय केलं म्हणजे तुझी खात्री पटेल?"

आत नाक ओढल्याचा आवाज आला. ती विचार करत होती. "असं सांगा," ती शेवटी म्हणाली, "जे फक्त बाबाला आणि मला माहीत आहे."

"वा! विचार. काहीही विचार!"

"काल जेवताना बाबाने आज येणाऱ्या बाईंना एक नाव ठेवलं. आई ड्युटीवर होती. आणि बाबा म्हणाला, हे कोणाला म्हणजे कोणालाच सांगायचं नाही. काय नाव?"

प्राध्यापकांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. आणि त्याच वेळी त्यांना आपल्या शेजारी फरशीवर एक चपलांचा जोड दिसला. काळ्या, साध्या, पॉलिश केलेल्या चपला. त्यांनी हळूहळू मान वर केली. इस्त्रीची कडक घडी, खांद्याला पर्स, मनगटावर घड्याळ, आणि सगळ्यात वर तो चेहरा. मुख्याध्यापिका वेळेच्या पक्क्या होत्या. वेळेच्या आधी येण्याइतक्या पक्क्या.

"चालू द्या," बाई म्हणाल्या. "मी ऐकतेय."

"बाई, नमस्कार, म्हणजे, मी जरा..." प्राध्यापक उठायला गेले, पण फटीतून आवाज आला, "जाऊ नका! उत्तर द्या!" आणि ते पुन्हा गुडघ्यांवर आले.

"दुसरा प्रश्न विचार ना, राणी. तुझ्या कुठल्या दाताची पडायची वेळ झालीय, ते विचार."

"ते काकूंना पण माहीत आहे."

"मग कानात सांगतो. कान आण फटीजवळ."

"परक्या माणसाजवळ कान न्यायचा नाही. मोठ्याने सांगा." आणि मग तिचा धीर सुटला. "तुम्हाला येतच नाही! तुम्ही बाबा नाहीच! बाबा आत पडलाय आणि तो बोलत नाहीये..." आणि मुंगी दारामागे हमसून हमसून रडायला लागली.

प्राध्यापकांनी एकदा बाईंच्या चपलांकडे बघितलं. इतक्या शाळांतून आशेचं उत्तर आलेली ही एकच शाळा होती. बायको आज उजाडताच डबा भरून निघताना 'आज होईल तुमचं काम' एवढंच बोलली होती. ते सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर आलं, आणि दारामागचं रडणं कानात होतं. मग विचार करायला काही राहिलंच नाही.

"एरंडेलबाई!" प्राध्यापक ओरडले. "बाबा म्हणाला, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड आहे त्या बाईंचं. म्हणून एरंडेलबाई! आणि हे म्हणताना बाबाने तसं तोंड करून दाखवलं, आणि तू हसलीस, आणि तुला ठसका लागला!"

काकूंनी तोंडात टेपचं टोक कोंबलं. वॉचमन छताकडे बघत कोळिष्टकं तपासू लागला. बाईंचा चेहरा कसा झाला, ते बघायचं धाडस कोणालाच झालं नाही. आणि खरं सांगायचं तर तो फारसा बदलण्यासारखा नव्हताच.

आत स्टूल ओढल्याचा आवाज आला. लॅच खळ्कन उघडलं. दारात मुंगी उभी होती, लाल नाक, ओले मोजे. प्राध्यापकांनी हात पसरले. ती जागची हलली नाही.

"उत्तर बरोबर आहे," ती डोळे पुसत म्हणाली. "पण बाबाने आणखी कोणाला सांगितलं असेल, तर त्यालाही उत्तर येईल. म्हणून तुम्ही बहुतेक बाबा." मग ती बाजूला झाली. "बहुतेक बाबा, आत या. पाय पुसून."

पाय पुसण्यात काही अर्थ नव्हता. आत घोटाभर पाणी होतं आणि त्यात पाटी-पेन्सिल बुडाली होती. प्राध्यापक धावले, पण त्यांच्याही आधी बाई पोचल्या. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या, बाथरूममध्ये शिरल्या आणि नळ करकचून बंद केला. मुंगी मागोमाग गेली आणि तिने बाथरूमच्या चारही कोपऱ्यांत बघितलं.

"आत बाबा नाही," तिने जाहीर केलं. "म्हणजे बाबा बाहेर होता. बाहेर काकू होत्या, वॉचमनकाका होते, या बाई होत्या आणि हे होते." तिने प्राध्यापकांकडे वळून बघितलं. "आता पुष्कळच बहुतेक."

काकू आणि वॉचमन पाणी काढायला लागले. प्राध्यापक ओल्या बनियनवर कोरडा शर्ट चढवून बाईंसमोर उभे राहिले. बोलायचं काय, हा प्रश्न होता. "बाई, मी मनापासून दिलगीर आहे. तुम्ही आलात, हेच फार झालं. तुमचा वेळ..."

"तुम्ही थांबा," बाई म्हणाल्या आणि मुंगीपुढे खुर्ची ओढून बसल्या. "इकडे ये. मीच ती एरंडेलबाई. तुला काय वाटतं, बरोबर नाव आहे?"

मुंगीने त्यांच्या चेहऱ्याकडे मन लावून बघितलं. प्राध्यापकांनी डोळे मिटून घेतले.

"नाही," मुंगी म्हणाली. "बाबाचं चुकलं. बाबा म्हणाला, एरंडेल *प्यायल्यासारखं* तोंड. म्हणजे तुम्ही एरंडेल नाही. तुम्ही एरंडेल प्यायलेल्या. आणि एरंडेल कोणी आपणहून पीत नाही. ते दुसरं कोणीतरी पाजतं." तिने जवळ जाऊन हळूच विचारलं, "तुम्हाला कोण पाजतं?"

बाईंनी पर्स एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर ठेवली. मग त्यांच्या तोंडाचा एक कोपरा हलला, जणू बरेच दिवस न उघडलेलं फडताळ कोणी ओढून बघतंय, आणि मग दुसरा हलला, आणि बाई हसल्या. चांगल्या खदखदून हसल्या. वॉचमनने फडकं तसंच हातात धरून त्यांच्याकडे बघितलं.

"सगळेच गं," त्या डोळे टिपत म्हणाल्या. "सकाळी पालक पाजतात, दुपारी संस्थेचे लोक पाजतात, आणि उरलंसुरलं शिक्षक. आजवर कोणी विचारलं नव्हतं बघ." मग त्या प्राध्यापकांकडे वळल्या, आणि चेहरा पुन्हा पहिल्यासारखा झाला, पण आता त्याची भीती वाटेना. "सर, मी तुमची शिकवण बघायला आले होते. ती जिन्यातच बघून झाली. घाबरलेली असताना, रडत असताना ही मुलगी 'बहुतेक' म्हणाली. आमच्या शिक्षकांच्या खोलीत हा शब्द मी कधीच ऐकलेला नाही. तिथे प्रत्येकाला सगळ्याची खात्री असते. तुम्ही सोमवारपासून या."

"पण बाई, ते नाव..."

"शिक्षकांच्या खोलीत मला काय म्हणतात, ते तुम्हाला सोमवारी कळेलच. त्यापेक्षा एरंडेल बरं." दारात चपला घालता घालता त्या थांबल्या. "आणि मिशी वाढवा. मुलं गोंधळतात."

ही झाली नोकरीची गोष्ट. इथे ती संपायला हरकत नव्हती. पण प्राध्यापकांचा दिवस काही संपला नाही, कारण मुंगी दुपारभर त्यांना 'तुम्ही' म्हणत राहिली. "तुम्ही पाणी घेता का?" "तुम्ही बाबाच्या खुर्चीत बसलात तरी चालेल." ती वाईट वागत नव्हती, उलट पाहुण्याशी वागावं तशी अदबीने वागत होती, आणि ती अदब प्राध्यापकांना टोचत होती. त्यांनी लग्नाचा फोटो दाखवला. त्यात मिशी होती, त्यामुळे प्रकरण उलट बिघडलं. त्यांनी झोपताना रोज सांगायची गोष्ट सांगितली. "अगदी बाबासारखी सांगता," ती म्हणाली. नोकरी लागल्याचा आनंद होता, नाही असं नाही. पण नोकरी लागली आणि मुलगी दुरावली, हा कुठला हिशोब?

संध्याकाळी कुलपात किल्ली फिरली आणि आई आत आली. प्राध्यापक धावतच पुढे गेले. "अगं, नोकरी लागली! सोमवारपासून!"

ती दारातच उभी राहिली. मग तिने डब्याची पिशवी खाली ठेवली, त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि डोळ्यांतलं पाणी बाहीला पुसलं. "मी म्हटलं होतं ना," ती म्हणाली. एवढंच म्हणाली, पण इतके महिने न बोललेलं सगळं त्यात आलं. मग ती आत गेली, तोंड धुतलं, चहा टाकला, वॉर्डातल्या गमती सांगितल्या, आणि बाईंची सगळी हकिगत 'मग? मग?' करत अर्धवट ऐकली. प्राध्यापक तिच्यासमोर तोंड नेऊन उभे होते. ती त्यांच्याकडे बघत होती, त्यांच्याशी बोलत होती. मिशीबद्दल चकार शब्द नाही.

"काही वेगळं दिसतंय का माझ्यात?" न राहवून त्यांनी विचारलं.

तिने वरपासून खालपर्यंत बघितलं. "हाफपँट ओली आहे. आणि बाथरूम धुतलेली दिसतेय. स्वतःहून?" मग ती आतल्या खोलीत गेली आणि तिथून तिचा आवाज चढला, "अहो! पुन्हा ओला टॉवेल गादीवर! किती वेळा सांगायचं तुम्हाला? नोकरी लागली म्हणून काय झालं?"

दाराच्या चौकटीला टेकून मुंगी हे सगळं बघत होती. ती दोन पावलं पुढे आली.

"आई परक्या माणसांना कधीच ओरडत नाही," ती स्वतःशीच, एकेक शब्द मांडत म्हणाली. "आई यांना ओरडली. म्हणजे हे परके नाहीत. म्हणजे..." तिने मान वर केली. "म्हणजे तू बाबाच आहेस!"

आणि ती धावत येऊन त्यांच्या गळ्यात पडली. दिवसभर आवरून धरलेलं सगळं रडू तिने त्यांच्या शर्टावर काढलं, आणि मग ओठावरच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून म्हणाली, "परत असं करू नकोस हं."

आता बारकाईने बघितलं तर त्या तर्कात एक फट होती. परका नाही म्हणजे बाबाच, असं काही सिद्ध होत नाही. काका असू शकतो, मामा असू शकतो. प्राध्यापकांना ती फट ताबडतोब दिसली. मुंगीला उचलून घेऊन ते गादीवर बसले, ओल्या टॉवेलवरच बसले, आणि आयुष्यात पहिल्यांदा समोरच्याची चूक दाखवायची सोडून गप्प राहिले.